निळ्या गाडीचं नाक

निळी गाडी गॅरेजच्या दारापर्यंत आली, तिने दोन आचके दिले आणि तिथेच बंद पडली. मागच्या नळीतून काळ्या धुराचा लोट निघाला तो थेट शेजारच्या पंक्चरवाल्या काकांच्या तोंडावर. काका खोकत उठले, शिवी द्यायला तोंड उघडलं, आणि गाडी ओळखून तसेच खाली बसले. गॅरेजवाल्या बाई आत एका गाडीचं चाक बसवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. आवाजावरूनच त्यांना कळलं होतं. हातातला नट शेवटपर्यंत आवळून झाला, चाकावर एक थाप मारून झाली, चिंधीने एकेक बोट पुसून झालं, मग त्या सावकाश बाहेर आल्या.

स्टिअरिंगमागे धाकटी बसली होती.

धाकटी हे काही तिचं नाव नव्हे. बाईंचा नवरा, ज्याला सगळे मिस्त्री म्हणत, तो काही वर्षांपूर्वी याच निळ्या गाडीत बसून हिच्याकडे राहायला गेला, आणि लोकांना बोलायला सोपं पडावं म्हणून साऱ्या रस्त्याने मिळून एकीला थोरली केलं, दुसरीला धाकटी. बाईंच्या तोंडावर थोरली म्हणायची कोणाची छाती नव्हती. काकांच्या तोंडून एकदा निसटलं होतं, तेव्हा बाईंनी आठवडाभर त्यांना आपल्या हवेच्या नळीला हात लावू दिला नव्हता. हवेशिवाय पंक्चरवाल्याचं काय होतं ते काकांना त्या आठवड्यात चांगलंच समजलं.

धाकटी खाली उतरली. बाईंनी तिला इतक्या वर्षांत मनातल्या मनात कितीतरी वेळा या दारात आणून उभं केलं होतं. कधी रडत, कधी तुटक्या चपलेने, कधी पाय धरायला वाकलेली. प्रत्यक्षात ती इस्त्रीचे कपडे घालून आणि हातात पाण्याची रिकामी बाटली घेऊन उभी होती, आणि बाईंना पहिला राग आला तो त्या इस्त्रीचा.

"ताई, जरा गाडी बघता का?"

"ताई कोणाची गं मी?"

धाकटीने मान खाली घातली, पण हलली नाही. खाली बघूनच तिने सगळं सांगितलं. गाडी सकाळी झकास चालू होते, गावातून नीट येते, आणि गावाबाहेरचा चढ लागायच्या सुमाराला घुसमटायला लागते. मग धूर, मग आचके, मग बंद. थोडा वेळ थांबलं की पुन्हा चालू होते आणि पुन्हा तेच. दोन गॅरेजं करून झाली. एकाने प्लग बदलले, एकाने फिल्टर साफ केला, पैसे घेतले आणि गाडी ठणठणीत आहे म्हणून सांगितलं.

"आणि हे बसले की लोण्यासारखी चालते," ती म्हणाली.

"मग त्यालाच सांग. एवढा मोठा मिस्त्री आहे घरात."

"ते म्हणतात गाडीत काही नाही, तुझ्याच पायाला ती मानवत नाही."

हे वाक्य बाईंच्या ओळखीचं होतं. पण त्यांनी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. कुठे निघाली होतीस एवढं फक्त विचारलं.

"आईकडे. पडली ती. खुब्याचं हाड मोडलंय. एकटीच असते. शेजारीण बघते, पण तीही आता कंटाळलीय. बसमध्ये काही बसवता येणार नाही, म्हणून म्हटलं मागच्या सीटवर झोपवून घेऊन येते. दोनदा निघाले, दोनदा चढावरून परत. ती रोज फोन करून विचारते, निघालीस का."

बाईंना बरं वाटलं. खोटं कशाला बोलायचं, पोटभर जेवल्यासारखं बरं वाटलं. कारण त्यांचे वडील गेले त्या दिवशी त्याही याच गाडीतून निघाल्या होत्या. वडील दूरच्या गावी दवाखान्यात होते, डॉक्टरांनी लवकर या म्हणून सांगितलं होतं, आणि मिस्त्री कामाचं निमित्त काढून सकाळपासून गायब होता. बाई नुकत्या गाडी शिकलेल्या. देवाचं नाव घेऊन एकट्याच बसल्या, आणि त्याच चढावर गाडी बंद पडली. कितीतरी वेळाने मिस्त्री शोधत आला, आत बसला, एका झटक्यात गाडी चालू केली, आणि जमलेल्या चार लोकांसमोर हसत म्हणाला की हिचा पायगुणच असा, इंजिनसुद्धा घाबरतं. त्या पोचल्या तेव्हा वडिलांच्या तोंडावर चादर ओढलेली होती. त्यानंतर बाई कुठल्याच गाडीच्या चालकाच्या सीटवर बसल्या नाहीत. हजार गाड्या दुरुस्त केल्या, पण दुरुस्तीनंतर चक्कर मारायला नेहमी गाडीच्या मालकालाच बसवलं.

त्या दिवशी मिस्त्री कुठे होता हे त्यांना पुढे कळलं. तो हिच्या घरी होता. ही नसती तर तो घरी असता, त्याने गाडी नेली असती, आणि बापाचा हात हातात घ्यायला मिळाला असता. हा हिशेब बाईंनी इतक्यांदा केला होता की त्यात आता कुठे फट उरली नव्हती. आणि आज तीच गाडी, तोच चढ, आणि हिची आई वाट बघत पडलेली. पडू दे. हिलाही कळू दे उशिरा पोचणं म्हणजे काय असतं.

त्यांनी वाक्य तिथेच तयार केलं: इंजिन बसलंय, भंगारात घाला. पण ते बॉनेट उघडल्यावर म्हणायला हवं, म्हणजे खरं वाटतं. त्यांनी धाकटीला गाडी आत ढकलायला सांगितलं आणि स्वतः हात लावला नाही. काका निर्लज्जासारखे मदतीला धावले, तेही बाईंनी मनात टिपून ठेवलं. आत एक स्टूल होतं. धाकटीची नजर त्याच्याकडे गेलेली पाहून बाईंनी त्याच्यावर पान्यांची पेटी ठेवली.

बॉनेट वर गेलं, आणि इथेच बाईंचा घात झाला. कच्च्या पेट्रोलचा वास भपकन नाकात शिरला. त्यांनी मागे जाऊन नळीत बोट फिरवलं, तर बोट काजळात बुडवल्यासारखं काळं झालं. एक प्लग काढला, तोही काळा. गाडी ढसाढसा पेट्रोल पीत होती आणि तेच तिला पचत नव्हतं. दुखणं समोर आलं की ते ओळखल्याशिवाय बाईंना चैन पडत नसे. या खोडीपायी त्यांनी अनेकदा नको त्या लोकांची कामं केली होती. तयार केलेलं वाक्य तोंडातच राहिलं आणि हात गाडीचा कॉम्प्युटर वाचणारा स्कॅनर शोधायला गेले.

गॅरेज बाईंच्या वडिलांनी बांधलेलं. मिस्त्री तिथे कामाला आला, जावई झाला आणि निघून गेला, पण शेड काही त्याला नेता आली नाही. तोपर्यंत बाई फक्त गल्ल्यावर बसत आणि मागितला तो पाना हातात देत. नवरा गेल्यावर दार बंद करायचं की उघडायचं एवढाच प्रश्न होता. त्यांनी उघडलं. पहिलं वर्षभर लोक हसले, नंतर रांगा लागल्या.

त्यांनी डाव्या सीटवर बसून स्कॅनरची वायर डॅशबोर्डच्या खाली जोडली आणि धाकटीला गाडी चालू करायला लावली. सुरुवातीला सगळं सुरळीत होतं. इंजिन गरम होत गेलं तसा आवाज जड झाला, गाडी थरथरायला लागली, आणि स्कॅनरवरचा एक आकडा तळाला जाऊन तिथेच पडून राहिला.

"खोटं बोलतंय," बाई म्हणाल्या.

"कोण?" धाकटीने दचकून विचारलं.

बाईंनी तिला उत्तर दिलं नसतं, पण गाडीबद्दल कोणी विचारलं की त्यांना सांगितल्याशिवाय राहवत नसे. इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळीत अंगठ्याएवढा एक सेन्सर असतो. ते गाडीचं नाक. जळलेल्या धुरात प्राणवायू किती उरलाय ते हुंगायचं आणि गाडीच्या कॉम्प्युटरला कळवायचं, एवढंच त्याचं काम. त्याच्या सांगण्यावरून कॉम्प्युटर पेट्रोल कमीजास्त करतो. त्याचा आकडा सारखा खालीवर नाचायला हवा. हा आकडा तळाला झोपलाय, म्हणजे नाक ओरडून सांगतंय की पेट्रोल कमी पडतंय, अजून ओता. आणि कॉम्प्युटर बिचारा ओततोय.

"मग सकाळी कशी नीट चालते?"

प्रश्न चांगला होता, आणि त्याचाही बाईंना राग आला. इंजिन थंड असताना कॉम्प्युटर नाकाचं ऐकतच नाही, त्या म्हणाल्या. गाडी तापली की मग ऐकायला लागतो. म्हणून गाव ओलांडेपर्यंत सगळं छान.

एव्हाना बाईंच्या डोक्यात दुसरा, जास्त रुचकर बेत शिजला होता. गाडी भंगारात घालण्यात काय मजा? गाडी दुरुस्त करायची. त्याच्या नाकावर टिच्चून करायची. ज्या गाडीत बसून तो पळाला, जिच्यातलं दुखणं त्याला एवढा मिस्त्री असून सापडलं नाही, ती त्याने टाकलेल्या बायकोने बरी केली, हे साऱ्या रस्त्याला कळलं पाहिजे. काकांना सांगितलं की पुरे, संध्याकाळपर्यंत बाजारात पोचतं. आणि धाकटीने घरी जाऊन हे स्वतःच्या तोंडाने त्याला सांगायचं. हा विचार बाईंना इतका आवडला की त्यांनी स्पेअर पार्टवाल्याला फोन करून नवा सेन्सर लगोलग पाठवायला सांगितला.

जुना सेन्सर सहजासहजी निघणार नव्हता. वर्षानुवर्षं तापून आणि गंजून तो नळीशी एकजीव झाला होता. बाईंनी गाडी जॅकवर घेतली, खाली लाकडी ठोकळे लावले, पाठीखाली फळी घेतली आणि आत सरकल्या. आट्यांवर गंज सोडवायचं तेल मारून थोडं थांबल्या. खालून त्यांनी उजेडाला बॅटरी धर म्हणून सांगितलं. धाकटी इस्त्रीच्या कपड्यांनिशी तेलकट जमिनीवर आडवी झाली आणि बॅटरी धरली. पान्याबरोबर उजेड सरकत होता. बाईंना डोळ्यांवर उजेड आला म्हणून ओरडायची एकदाही संधी मिळाली नाही, आणि त्यांनी वाट मात्र बघितली होती. शेवटी पान्याला पाइप लावून सगळं अंग टाकलं, तेव्हा कर्रकन आवाज करून सेन्सर फिरला. बाहेर आला तो जळक्या वांग्यासारखा. बाईंनी आट्या ब्रशने साफ केल्या, तोवर येऊन पोचलेल्या नव्याच्या आट्यांना वंगण लावलं, आधी हाताने आणि मग पान्याने बसवला, वायर जोडली आणि बाहेर आल्या.

"लाव चालू."

इंजिन चालू झालं. बाई स्कॅनर हातात घेऊन डाव्या सीटवर बसल्या होत्या. काकांना ऐकू जाईल अशा आवाजात काय बोलायचं तेही ठरलं होतं. इंजिन गरम होऊ लागलं. आकडा जरासा हलला, खाली घसरला आणि तळाला जाऊन झोपला. मागून काळा धूर निघाला. काका खोकले.

धाकटी काही बोलली असती तर बरं झालं असतं, असं बाईंना वाटलं. हिच्यासमोरच हसं व्हायचं होतं. त्यांचे कान तापले. त्यांनी गाडी बंद करायला सांगितली, वीज मोजायचं मीटर घेतलं आणि पुन्हा खाली शिरल्या. नव्या सेन्सरची वायर सोडवून त्याच्याच तोंडाशी मीटर लावलं आणि खालून ओरडून गाडी चालू करायला लावली. तिथे आकडा नाचत होता, लहान पोरासारखा. म्हणजे नाक खरं बोलत होतं. ते कॉम्प्युटरपर्यंत जाता जाता वाटेत कोणीतरी त्याचं तोंड दाबत होतं.

सोडवलेली वायर पुन्हा जोडून बाई तिच्या मागे लागल्या. वायर गाडीच्या पोटाखालून मागे गेली, एका रबरी भोकातून वर चढली आणि गाडीच्या आत शिरली. त्यांनी चालकाचं दार उघडून सीटखालची चटई उचलली. वायरींचा जुडगा तिथून पुढे जात होता आणि त्यात एका ठिकाणी गाठीसारखं काहीतरी गुंडाळलेलं होतं. चिकटपट्टी वाळून कडक झालेली. तिच्यावर कापड. कापडातून एक तांबडी वायर बाजूला फुटून गाडीच्या पत्र्याला स्क्रूने जोडलेली, आणि मध्ये, सीटच्या दांडीला आतल्या बाजूने चिकटवलेलं, नखाएवढं एक बटण.

बाईंनी कापडावरची धूळ अंगठ्याने पुसली. खाली पिवळ्या चौकड्या होत्या.

याच कापडाचा पडदा त्यांनी स्वतः शिवला होता. गावातल्या घराच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी. उरलेल्या कापडाच्या चिंध्या करून गॅरेजात दिल्या होत्या. मग त्यांनी बोट घालून बटण पलीकडे केलं आणि धाकटीला डाव्या सीटवर बसून स्कॅनर बघायला सांगितलं.

"नाचतोय," धाकटी म्हणाली. "वर जातोय, खाली येतोय."

बटण अलीकडे. आकडा तळाला. पलीकडे. नाचायला लागला. अलीकडे. गाडी थरथरली, धूर निघाला. बाई हे करतच राहिल्या, गरजेपेक्षा कितीतरी जास्त वेळा.

"तो गाडीत बसतो तेव्हा आधी काय करतो?" त्यांनी विचारलं. आवाज इतका सपाट होता की धाकटीने वळून पाहिलं.

"सीट मागे घेतात. वाकून. म्हणतात तू किती पुढे ओढून बसतेस."

बाईंनी मान हलवली. त्या दिवशी चढावरही त्याने आधी सीटच मागे घेतली होती. त्या बाहेर उभ्या राहून रडत होत्या आणि त्याला म्हणत होत्या की सीट राहू द्या, आधी चला. आणि तो शांतपणे वाकून सीट मागे घेत होता.

धाकटी स्कॅनर मांडीवर ठेवून बसली होती. तिलाही कळलं होतं. गाडी कोणाला मानवत नव्हती आणि कोणाला मानवत होती ते स्कॅनरवर ढळढळीत दिसत होतं.

"मला वाटलं मलाच जमत नाही," ती म्हणाली. "आईला म्हटलं मी तसं. म्हटलं, मला नाही गं जमत गाडी."

बाईंच्या अंगाचा भडका उडाला. आयुष्यात इतका राग त्यांना कधी आला नव्हता, तो घर सोडून गेला तेव्हाही नाही. बायको सोडून जाणारे पुष्कळ असतात. पण बाप मरायला टेकलेला असताना बायकोला चढावर अडकवून ठेवायचं, वर लोकांत हसायचं, आणि तिने मग आयुष्यभर स्वतःच्या पायांकडे संशयाने बघायचं? आणि इतकी वर्षं आपण शिव्या कोणाला दिल्या, तर हिला. बाईंच्या त्या हिशेबाला एवढी मोठी फट पडली होती की त्यातून निळी गाडी आरपार गेली असती.

त्यांनी कटर घेतला. बटणाला जाणाऱ्या दोन्ही वायरी तोडल्या, सेन्सरची वायर सोलून पुन्हा जोडली, कथलाचा डाग दिला, वर प्लास्टिकची नळी सरकवून ती गरम करून घट्ट बसवली. हात नेहमीसारखेच स्थिर होते. आकडा नाचत राहिला. इंजिन मऊ चाललं.

"ते बटण मला द्या," धाकटी म्हणाली.

"कशाला?"

"त्यांच्या ताटाशेजारी ठेवते. काही बोलत नाही, नुसतं ठेवते. बघते काय म्हणतात."

"नाही. ते माझं आहे."

"बंद तर माझीच पडत होती ना."

"माझी आधी पडली," बाई म्हणाल्या. "ते कापड माझ्या पडद्याचं आहे. त्याच्या तोंडावर ते मी मारणार, चारचौघांत, या इथे दारात. तुझा नंबर नंतर. थोरली मी आहे."

हे म्हणून झाल्यावर आपण काय म्हणालो ते त्यांच्या लक्षात आलं. बाहेर काकांचा हातोडा थांबला होता. धाकटीने बाईंच्या मुठीकडे पाहिलं, मग त्यांच्या तोंडाकडे, आणि हट्ट सोडला.

"तुमच्या वेळी कुठे निघाला होतात?" तिने विचारलं.

"वडिलांकडे."

"पोचलात?"

बाईंनी जॅक खाली घ्यायला सुरुवात केली. गाडीची चाकं जमिनीला टेकल्यावर धाकटीने पैशाचं विचारलं तेव्हा बाईंनी फक्त नव्या सेन्सरचे घेतले. धाकटी आभार मानायला लागली, तर त्यांनी तिला मध्येच तोडलं.

"हे बघ, तुझं माझं जे आहे ते आहे तसंच आहे. ते एका बटणाने फिटत नाही. नळ तिकडे आहे, बाटली भरून घे आणि नीघ. आई वाट बघत असेल."

धाकटीने बाटली भरली. गाडीत बसली, सीट पुढे ओढली, अगदी हवी तितकी पुढे. निळी गाडी रस्त्याला लागली, चढ चढली, वरच्या वळणावर एकदा ऊन तिच्या काचेवर पडलं आणि ती दिसेनाशी झाली. मागे धूर नव्हता. बाई दारात उभ्या राहून बघत होत्या. ही सुखाने पोचावी असं काही त्यांच्या मनात आलं नाही. गाडी पोचावी एवढं मात्र आलं.

मिस्त्री दुपारी उशिरा आला. कोणाच्या तरी दुचाकीच्या मागे बसून. दुचाकीवाल्याचा रस्ता गॅरेजपाशी फुटत होता, तिथे त्याला उतरवून तो निघून गेला. इतक्या वर्षांत त्याने इकडे पाऊल ठेवलं नव्हतं. केस काळे केलेले, पोट सुटलेलं, बोटात गाडीची दुसरी किल्ली गरगर फिरत असलेली. आत यायचं धाडस झालं नाही. दाराबाहेरूनच त्याने चढाकडे पाहिलं.

"काय गं, निळी गाडी गेली का इकडून?"

"गेली," बाई म्हणाल्या.

"कधी?"

"झाला थोडा वेळ."

तो हसला. तेच हसू. "म्हणजे पडली असेल बंद वरती. जेवायला घरी आलो तर ही गायब. हजारदा सांगितलं तिला की तुझं काम नाही ते, तुझ्या पायाला गाडी मानवत नाही. पण ऐकेल तर ना. आता जायचं, आणायची. हे आपलं ठरलेलंच."

बाईंचा उजवा हात खिशात होता. बटण मुठीत होतं, कापडासकट. बोलायचं सगळं तयार होतं. दुपारभर दुसरं त्यांनी काही केलंच नव्हतं. वाक्यं घासूनपुसून, धार लावून, एकापुढे एक मांडून ठेवली होती, आणि काकाही ऐकायला हातातलं काम टाकून सज्ज होते. बाईंनी मिस्त्रीकडे नीट पाहिलं. बटण दाखवलं तर तो काय करेल ते त्यांना दिसलं. आधी दचकेल. मग हसेल. मग म्हणेल, अगं तुमच्याच काळजीपोटी. चार लोक जमतील, आणि चार लोक जमले की त्याला कायम सुचतं.

बाईंनी मूठ सैल केली आणि हात रिकामा बाहेर काढला.

"चढावर नाही दिसली मला," त्या म्हणाल्या. "वळणाच्या पुढे असेल. बघा."

"वळणाच्या पुढे? एवढी लांब?"

"ऊन कमी आहे आज. गेली असेल जरा पुढे."

त्याला हे पटलं. यंत्राची गोष्ट असली की बाईंवर विश्वास ठेवायला हरकत नाही, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. कोणाला तरी गाडीवरून सोडायला सांग ना, असंही तो म्हणाला. जवळच तर आहे, बाई म्हणाल्या. मग तो निघाला. किल्ली बोटात फिरवत, शीळ घालत, चढ चढायला लागला. अर्ध्या चढावर शीळ थांबली.

"कुठे निघाला हा?" काकांनी विचारलं.

"गाडी आणायला."

काकांनी चढाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. निळी गाडी कधी गेली आणि कशी गेली ते त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं होतं. हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं, थोडा वेळ तसंच ठेवलं, आणि मग मिटलं. पंक्चरची ट्यूब पाण्यात बुडवून ते बुडबुडे बघत बसले.

वर वळणावर मिस्त्री पोचला होता. इथून तो बोटाएवढा दिसत होता. कपाळावर हात धरून त्याने पलीकडचा रस्ता न्याहाळला, बराच वेळ. मग वळून खाली गॅरेजकडे पाहिलं आणि दोन्ही हात पसरले, की कुठे आहे?

बाईंनी रस्त्याच्या मधोमध येऊन हात उंच केला आणि त्याला नीट दिसेल असा हलवला. पुढे. अजून पुढे.

तो वळला आणि चालायला लागला.